खतावणीतले नाव आणि पडद्यावरचा रकाना

साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी’ स्थापन केली, तेव्हा आयुर्विम्याचा धंदा चालवायला लागणारी सामग्री फार थोडी होती. छापील अर्ज, डॉक्टरांचा दाखला, गणितज्ञाने तपासून दिलेले हप्त्यांचे कोष्टक, गावोगाव हिंडणारा एजंट आणि खतावणी. यातले कोष्टक तपासून घेणे आदल्याच वर्षीच्या, म्हणजे १९१२ च्या कायद्याने सक्तीचे केले होते. बाकी सगळा कारभार विश्वासावर. एजंट विमेदाराच्या ओटीवर बसायचा, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचा आणि अर्ज भरायचा.

आता विमा कंपनी म्हटली की पहिल्यांदा तिचे संकेतस्थळ पुढे येते. हप्ता तिथे भरायचा, बोनस तिथे पाहायचा, पत्ता तिथे बदलायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपल्या ‘डाइव्ह’ नावाच्या योजनेखाली सगळा अंकीय कारभार नव्याने उभा करण्याचे काम ‘इन्फोसिस’कडे सोपवल्याचे जाहीर केले. देशातली सर्वांत मोठी विमा संस्था आपले घर पुन्हा बांधायला काढते, तेव्हा त्या घरात आपल्यासारख्यांची खोली कुठे असेल, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाने विचारायलाच हवा. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कारण संकेतस्थळ ही केवळ खिडकी आहे. मागे असते ती खतावणीच, आणि त्या खतावणीत आपले नाव कसे लिहिले गेले याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

आयुर्विमा आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या सोयीसाठी. १८१८ साली कलकत्त्यात निघालेली ‘ओरिएंटल लाइफ’ मुख्यतः युरोपियनांसाठी होती. हिंदी माणसाचा विमा उतरवला तरी त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० च्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने नेहमीच्या दराने हिंदी माणसाचा विमा घ्यायला सुरुवात केली, ही या क्षेत्रातली पहिली मोठी गोष्ट. पुढे स्वदेशीच्या लाटेत ठिकठिकाणी कंपन्या निघाल्या. साताऱ्याची कंपनी त्यातलीच, आणि कृष्णाकाठचे व्यापारी, वकील, शिक्षक यांना ती आपली वाटे, कारण तिची माणसे आपली होती.

१९५६ हे वर्ष आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या स्मरणात एकाच कारणासाठी आहे. पण त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही एकत्र पाहिल्या तर मौज वाटते. १९ जानेवारीला आयुर्विम्याचे व्यवस्थापन सरकारने वटहुकुमाने ताब्यात घेतले आणि ही बातमी देशाला आकाशवाणीवरून सांगितली ती अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. जुलैत याच चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा त्याचा जनक सरकारात नव्हता. आणि १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. दोन महिन्यांच्या अंतराने आमची पॉलिसीही दुसऱ्याच्या दप्तरात गेली आणि आम्हीही. आज बेळगावचे विभागीय कार्यालय महामंडळाच्या हैदराबादच्या दक्षिण-मध्य क्षेत्रात मोडते, तर कोल्हापूरचे मुंबईच्या पश्चिम क्षेत्रात. निपाणीहून कागलला एसटीने जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विमेदाराचे क्षेत्र बदलते.

त्या वर्षी महामंडळात २४५ संस्था विलीन झाल्या. त्यांत १५४ हिंदी विमा कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था. प्रत्येकीची खतावणी निराळी, अर्ज निराळा, क्रमांक लावण्याची पद्धत निराळी. या सगळ्यांचे एक दप्तर करणे ही हमालीच होती. आणि ती माणसांच्या हातून होण्यासारखी नाही असे ठरल्यामुळे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारी यंत्रे आली.

या कार्डाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे, जाड कागदाचे ते कार्ड असे. त्यावर ८० उभे स्तंभ. एका स्तंभात एक अक्षर किंवा एक आकडा, आणि तोही छिद्राच्या जागेवरून ओळखायचा. पॉलिसी क्रमांक, हप्ता, देय तारीख, शाखा एवढे सगळे त्या ८० घरांत बसवायचे म्हटल्यावर नावाच्या वाट्याला मोजकीच घरे येत. शिवाय अक्षरे रोमन, आणि तीही मोठ्या वळणाची. देवनागरी वा कन्नड अक्षराला त्या कार्डात जागाच नव्हती. काना, मात्रा, जोडाक्षर हा प्रकार छिद्रांना ठाऊक नव्हता. म्हणजे ओटीवर बसून मराठीत सांगितलेले नाव एजंटाने आपल्या कानाप्रमाणे इंग्रजीत लिहिले, ते कारकुनाने छिद्रांत उतरवले, न मावलेले कापले, आणि तेच पुढे ‘अधिकृत’ ठरले. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण पुढची प्रत्येक पायरी या कार्डावर उभी राहिली.

१९६४ साली महामंडळात संगणक आला. पुढचा कलकत्त्याच्या ‘इलाको’ इमारतीत बसवायचा ठरला, तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती अहोरात्र पहारा ठेवला. तो लढा विमा कामगारांच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो. यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर, आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. दांडेकर मूळचे साताऱ्याचेच. वाद झाला तो नोकऱ्यांचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण यंत्रात विमेदाराची भाषा कुठे आहे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कुणाला सुचला नाही.

ऐंशीच्या दशकात कार्डांची यंत्रे मोडीत निघाली आणि शाखांमध्ये छोटे संगणक आले. १९९३ मध्ये नेमलेल्या मल्होत्रा समितीने विमा उद्योगाचा कारभार संगणकावर आणण्याची शिफारस केली. जुलै १९९५ मध्ये महामंडळाने खिडकीवरच संगणक ठेवला. समोर उभ्या असलेल्या माणसाला पॉलिसीची स्थिती तिथल्या तिथे सांगता येऊ लागली. नंतरच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतल्या ७४ शाखा एका जाळ्यात जोडल्या गेल्या आणि दादरचा माणूस बोरीवलीत हप्ता भरू लागला. मग शहरे शहरांना जोडली गेली, दूरध्वनीवर पॉलिसीची माहिती सांगणारी यंत्रणा आली, आणि शेवटी संकेतस्थळ. सुरुवातीला त्यावर नुसती माहितीपत्रके होती. पुढे हप्ता भरता येऊ लागला, पॉलिसीची स्थिती दिसू लागली. २००० साली खाजगी कंपन्या मैदानात उतरल्यावर प्रत्येकीलाच असे संकेतस्थळ लागले, आणि ते बांधून देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला.

खरे तर या सगळ्या काळात आपल्या लिपीचे काम थांबले नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ने साध्या संगणकावर देवनागरी, कन्नड, तेलुगू उमटवून दाखवली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’चे मानक ठरले, आणि त्याच वर्षीच्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपी होत्या. म्हणजे जुलै १९९५ मध्ये शाखेच्या खिडकीवर संगणक आला, तेव्हा त्यात मराठी नाव मराठीत लिहिणे तंत्रदृष्ट्या शक्य होते. तरी जुन्या कार्डांवरची रोमन नावेच नव्या यंत्रात ओतली गेली. नवे घर बांधताना जुन्या घराच्या विटा वापराव्यात, पण जुनी गळतीही नेऊन बसवावी याला काय म्हणावे?

विमा कंपनीसाठी संकेतस्थळ बांधणारा कारागीर कोणकोणत्या सोयी करतो ते पाहू. हप्ता किती पडेल याचे गणित करणारे पान, खंडित पॉलिसी पुन्हा चालू करायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पान, पैसे भरण्याची व्यवस्था, तक्रारीची नोंद. ही सगळी कामे आकड्यांची आहेत आणि आकड्यांत यंत्र चुकत नाही. माझा हेका आहे तो एका निराळ्या सोयीबद्दल.

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक कंपनीने, कुणी मागणी न केल्यामुळे पडून राहिलेल्या १,००० रुपये वा त्याहून अधिक रकमांचा शोध घेण्याची सोय आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे. पॉलिसी क्रमांक, पॅन, जन्मतारीख, नाव यांवरून शोध घेता येतो. रक्कम १० वर्षे तशीच राहिली तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. तिथूनही ती २५ वर्षांपर्यंत मागता येते, आणि नंतर मात्र सरकारजमा. कागदावर ही सोय उत्तम आहे. ज्याच्या घरात जुनी पॉलिसी सापडत नाही, क्रमांक ठाऊक नाही, त्याच्यासाठीच ती आहे. म्हणजे त्याच्या हाती उरते फक्त नाव.

आणि नाव म्हटले की लोक माझ्याकडे येतात. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकाला विम्याशी काय कर्तव्य, असे कुणाला वाटेल. पण विम्यात वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि तो दाखला ज्यावरून द्यायचा ते जनरल रजिस्टर माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे. जुनी पाने मराठीत, शाईने, सुंदर वळणाची. त्यावरून मी दाखला देतो तो कन्नड आणि इंग्रजीत. म्हणजे नाव एका लिपीतून दोन लिप्यांत जाते ते माझ्याच सहीने.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिपायांच्या पत्नी आल्या. मालक वारले होते. एका विमा कंपनीची पॉलिसी होती एवढे त्यांना आठवत होते, कागद पावसात गेले होते. मुलाने मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहिले. ‘नोंद आढळली नाही.’ बाई म्हणाल्या, “सर, हप्ते भरल्यात की हो त्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत भरल्यात.” आडनाव चौगुले. आम्ही दोघे बसून ते वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहू लागलो. मध्ये ‘ओयू’, मध्ये ‘एयू’, मध्ये ‘ओडब्ल्यू’. चौथ्या खेपेला, शेवटी ‘ए’ घालून ‘चौगुला’ केल्यावर नोंद निघाली. वारस म्हणून लावलेले नाव मात्र बाईंचे माहेरचे होते. पुढे दाखले, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे, आणि रक्कम मिळायला सात महिने.

ही अडचण सुटण्यासारखी नाही असे मुळीच नाही, म्हणून तर हा खटाटोप. सारख्या उच्चाराची नावे एकत्र शोधण्याची ‘साउंडेक्स’ नावाची युक्ती अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने १९१८ सालीच पेटंट घेऊन ठेवली होती. तिची सध्या प्रचलित असलेली रीत अशी. नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे, नंतरचे स्वर टाकून द्यायचे, आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. वर सांगितलेली चौगुल्यांची चारही रूपे या रीतीने एकाच कप्प्यात पडतात. ‘देशपांडे’ आणि कानडी वळणाने लिहिलेले ‘देशापांडे’, ‘कुलकर्णी’ आणि ‘कुलाकर्णी’ हेही एकत्र येतात. आमच्याकडे ही दोन्ही वळणे सर्रास दिसतात, कारण मराठीत शब्दाच्या मधला ‘अ’ आपण बोलताना गिळतो आणि कानडीत तो स्पष्ट उच्चारतात. दोघांपैकी चूक कुणीच नाही.

पण रसेलने ही रीत इंग्रजी नावांसाठी बसवली. पहिले अक्षर बदलले की ती आंधळी होते. आपल्याकडे ‘वाघ’ हे ‘व्ही’नेही लिहितात आणि ‘डब्ल्यू’नेही. साउंडेक्सच्या दृष्टीने ती दोन माणसे. गोव्यात पोर्तुगीज अमलात ‘क’साठी ‘सी’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरीत, तेव्हा आजोबांचे कामत एका कप्प्यात आणि नातवाचे दुसऱ्यात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव तर ‘डी’, ‘जी’ आणि ‘जे’ या तिन्ही अक्षरांनी सुरू होऊ शकते. शिवाय कर्नाटकी रिवाजाप्रमाणे आद्याक्षरे आधी, मराठी रिवाजाप्रमाणे वडिलांचे नाव मध्ये. आणि बाईमाणसाचे तर लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची आपल्यात चाल. शाळेच्या रजिस्टरात एक बाई, वारसाच्या रकान्यात दुसरी, आधारकार्डावर तिसरी, आणि तिन्ही एकच.

तेव्हा विमा कंपनीचे नवे संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी भारतीय नावांचा विचार करून शोधाची सोय करावी, मूळ लिपीतले नाव साठवायला एक रकाना ठेवावा, आणि माहेरच्या नावाला दुसरा. हे काही आकाशातले चंद्र नव्हेत. हप्त्याचे गणित करणाऱ्या पानावर जेवढी बुद्धी खर्च होते तिच्या चौथाईत हे होईल, असा माझा कयास आहे. पॉलिसी विकताना लागणारी सोय आधी होते आणि पैसे परत देताना लागणारी मागाहून, हा धंद्याचा स्वभाव आहे. म्हणूनच इथे ग्राहकाने बोलायला हवे.

भाषेच्या निवडीचा प्रश्न याला लागूनच येतो. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आयुर्विमा महामंडळाच्या संकेतस्थळाचे पहिले पान एकदम हिंदीत दिसू लागले आणि तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांच्यासह अनेकांनी ओरड केली. भाषा बदलण्याच्या सोयीत तांत्रिक बिघाड झाला होता, आता संकेतस्थळ इंग्रजी व हिंदीत पूर्ववत आहे, असा खुलासा महामंडळाने केला. वृत्तपत्रांनी भांडणाच्या बातम्या दिल्या. माझे लक्ष गेले ते खुलाशातल्या ‘इंग्रजी व हिंदी’ या शब्दांकडे. ज्या संस्थेचे एजंट गेली सत्तर वर्षे देशातल्या प्रत्येक भाषेत विमा विकत आले, तिच्या खिडकीवर भाषा दोनच.

नियम मात्र उदार आहेत. विमा प्राधिकरणाच्या २००२ च्या विनियमांत असे होते की विम्याचे अर्ज व कागदपत्रे, प्रसंगानुरूप, घटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील. ‘द्यावीत’ आणि ‘देता येतील’ यांतला फरक मी नववीच्या मुलांना व्याकरणाच्या तासाला शिकवतो. जानेवारी २०२४ पासून आरोग्यविम्याचे माहितीपत्रक विमेदाराने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे असा दंडक झाला, हे चांगले झाले. पण स्थानिक भाषा कोणती? यंत्र राज्याचा रकाना वाचते. कर्नाटक म्हटले की कन्नड, मध्य प्रदेश म्हटले की हिंदी, गुजरात म्हटले की गुजराती. मग खानापूरचा, इंदूरचा, बडोद्याचा मराठी माणूस आणि तिकडे जतचा, अक्कलकोटचा कन्नड माणूस या सगळ्यांना यंत्राने शेजारच्या घरात बसवले. कन्नडाशी आमचे वैर नाही. माझ्या शाळेतली मुले दोन्ही भाषांत सारखीच भांडतात. पण विम्याच्या अटी वाचायच्या त्या ज्या भाषेत आई रागावते त्या भाषेत, तरच बारीक अक्षरातले कळते.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांत एक सोपा निकष आहे. जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. हा निकष सरकारी कारभाराला लागू आहे, विमा कंपन्यांना नाही. पण संकेतस्थळाला तो लावणे कागदापेक्षा कितीतरी सोपे आहे. छापखाना नको, टपाल नको, फक्त पिनकोडवरून तालुका ओळखून तिथल्या दोन किंवा तीन भाषा पुढे ठेवायच्या. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे कंपन्यांना बंधनकारक झाल्यावर तर हे अधिकच निकडीचे आहे. कागदाची पॉलिसी निदान शेजारच्या मास्तरांकडे नेऊन वाचून घेता येत होती.

तोवर वाचकांना एक व्यवहाराचे सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची पॉलिसी होती असे नुसते कानावर असेल, तरी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना संगणकापुढे बसवून एकेका कंपनीच्या संकेतस्थळावर पडून असलेल्या रकमांचे पान उघडायला सांगा. नाव एकदाच घालून थांबू नका. ‘व्ही’ने घाला, मग ‘डब्ल्यू’ने घाला. आडनावाच्या शेवटी ‘ए’ लावून पाहा, मधला ‘अ’ भरून पाहा, आद्याक्षरे आधी घालून पाहा. बायकांची माहेरची नावे घाला. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची घाला, कारण घरी सांगतात ती आणि दाखल्यावरची यांत पुष्कळदा अंतर असते, आणि कंपनीने घेतलेली असते ती दाखल्यावरचीच. दाखला हरवला असेल तर ज्या शाळेत ते शिकले त्या शाळेत जा. जनरल रजिस्टर कायम जपून ठेवावे लागते. पान जीर्ण झालेले असेल, पण नाव तिथे असेल.